अणुअपघाताची पैसेवारी

राळेगणसिद्धी परिसरातल्या शेतकऱ्याला एक माप चांगले ठाऊक आहे. पूर्वीची आणेवारी, आताची पैसेवारी. पीक रुपयात पन्नास पैशांच्या आत आले, तर सरकारी सवलती मिळायच्या. आकडा सोपा, पण तो काढतो कोण, यावरच सारे अवलंबून.

श्रोतेहो, अणुअपघातांनाही असेच एक माप आहे. १९८६ साली चेर्नोबिलची भट्टी फुटली. सोव्हिएत सरकारने तोंड उघडण्याआधी स्वीडनमधल्या एका अणुकेंद्रातील उपकरणांनी हवेतला किरणोत्सर्ग टिपला होता. त्यानंतर लोकांना कळेल असे माप हवे, म्हणून १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने शून्य ते सात अशी श्रेणी ठरली. एक ते तीनपर्यंत 'घटना', चारपासून 'अपघात'. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा सुमारे दहापट गंभीर.

आपल्याकडे ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटून आग लागली, वीज गेली. कर्मचाऱ्यांनी आग विझवण्याचे पंप लावून भट्टी थंड ठेवली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, तरी श्रेणी तीन मिळाली.

ही श्रेणी ज्या देशात घटना घडते, तोच देश देतो. मार्च २०११ मध्ये जपानने फुकुशिमाला आधी चार, मग पाच आणि महिनाभराने सात हा आकडा दिला. माहिती येत गेली, तसा आकडा चढला. १९५७ चा उरल भागातला स्फोट आज सहाव्या पायरीवर आहे. पण १९८९ पर्यंत तो अधिकृतपणे मान्यच नव्हता. जे कबूलच नाही, ते मोजणार कसे?

आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या. फुकुशिमातल्या भट्ट्यांप्रमाणेच त्याही उकळत्या पाण्याच्या. त्यामुळे २०११ नंतर तारापूरच्या आसपासच्या गावांतही प्रश्न विचारले गेले, ते रास्तच होते.

पैसेवारीसाठी पीककापणी होते, तेव्हा गावकरी बांधावर उभे राहून पाहतात. वजन खोटे वाटले, तर तिथेच बोलतात. किरणोत्सर्गाला रंग नाही, वास नाही. तिथे बांधावर उभे राहून काही दिसत नाही. म्हणूनच आकडा जाहीर झाला की तो कसा काढला, हे विचारण्याचा हक्क तिथल्या माणसाला अधिकच हवा.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)