चौक कोणाचा?

वारली चित्रं हल्ली कुठेही दिसतात. कपांवर, कुर्त्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर. पण ही कला मुळात बायकांची, हे फारसं कुणी बोलत नाही.

वारल्यांकडे लग्न असलं की कुडाची भिंत सारवून गेरूने रंगवायची आणि तांदळाच्या पिठाने तिच्यावर चौक काढायचा. मधोमध पालघट देवी. चौक काढायचा तो सवाष्णींनी, आणि लग्न लावणारीही बाईच, धवलेरी. पैशांचा संबंधच नव्हता.

आता जरा बिहारमध्ये जाऊ. १९६६-६७ साली तिथे भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाने भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. कल्पना अगदी साधी. बायका भिंतीवर जे काढतात तेच कागदावर काढतील, कागद विकला जाईल, घरात चार पैसे येतील. आणि तसं झालंही! १९७५ साली जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली. पुढे सीता देवी, गंगा देवी यांनाही.

१९७० च्या दशकात हेच कुलकर्णी कागद घेऊन डहाणूकडे आले. माणूस तोच, कल्पना तीच. पण इथे नाव झालं ते एका पुरुषाचं. गंजाडचे जिव्या सोमा माशे. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. माणूस थोरच, त्याबद्दल वादच नाही. चौकातल्या आकृत्यांना त्यांनी पळायला, नाचायला, मासे धरायला लावलं. त्यांच्यामागून वारली तरुण चित्रं काढू लागले, त्यांची घरं त्यावर उभी राहिली. गरिबी हटवायची योजना म्हणाल तर ती फळली.

पण ज्यांच्या हातात ही कला होती, त्या सवाष्णींचं काय? त्यांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत. मला वाटतं, भिंतीवरचं चित्र घरातच राहतं, कागद मात्र बाजारात जातो. बाजारात जायचं म्हणजे मुंबई गाठायची, भाव ठरवायचा, चार दिवस घराबाहेर राहायचं. पोरं, शेत, पाणी सांभाळून हे कोणत्या बाईला जमणार? मंडळाने कागद दिला, ही सवड कोण देणार होतं?

आता वारली बायकाही विकण्यासाठी चित्रं काढतात, हे चांगलंच आहे. पण बचत गट, कर्ज, प्रशिक्षण अशी कुठलीही योजना निघाली की मला हा चौक आठवतो. कला कुणाची, हे सगळे विचारतात. पैसा कुणाच्या हातात पडतो, हेही विचारायला हवं.

असो. पुढच्या वेळी वारली चित्राचा कप हातात आला, तर त्या सवाष्णींचीही आठवण काढा.