पोच : हुंडीपासून मोबाइलपर्यंत



मी अर्थशास्त्राचा अभ्यासक नाही. जन्मभर मराठी शिकवले. म्हणून आजचा विषय एका शब्दाच्या आधाराने मांडतो. तो शब्द म्हणजे ‘पोच’. मोबाइलवरून पैसे देण्याची रीत लोकांनी का स्वीकारली, हे पुष्कळांनी सांगितले आहे. लोक ती टिकवून का धरतात, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

या शोधाला सुरतेइतके योग्य शहर नाही. सतराव्या शतकात, वीरजी व्होरांच्या काळी, येथून आग्र्यापर्यंत पैसा हुंडीने जाई. कागदामागे पेढीची पत उभी असे. शहाजोग हुंडीची रक्कम तर प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्याच हाती पडे. येथील हिरेबाजारातील आंगडियांचा व्यवहारही अशाच विश्वासावर चालत आला आहे. परंतु ही पत पेढीवाल्यांची होती; मजुराला तीत स्थान नव्हते.

मजुराची हुंडी म्हणजे मनीऑर्डर. टपाल खात्याने ती १८८० मध्ये सुरू केली. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातील रेल्वेने सुरत अमळनेरशी जोडली गेली. पुढे खानदेशातील माणूस कापडधंद्यात कामासाठी येत राहिला; उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा येथे त्याची घरे झाली. मनीऑर्डरला कमिशन पडे, दिवस लागत. तरी पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती सोडली नाही. कारण पोस्टमन दारात रक्कम मोजून देई आणि आईच्या सहीची वा अंगठ्याची पोचपावती मुलाकडे परत येई. माझ्या लहानपणी आमच्या गावी पोस्टमन कुपनावरच्या दोन ओळी वाचूनही दाखवी. पैशाइतकीच त्या ओळींची वाट पाहिली जाई.

ही गरज केवळ आपली नव्हे. केनियात २००७ मध्ये ‘एम-पेसा’ सुरू झाली. मूळ प्रयोग लहान कर्जांच्या परतफेडीसाठी होता; लोकांनी मात्र तो शहरातून गावी पैसे पाठविण्यासाठी वापरला.

आपल्याकडे यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आले. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि अनेक जण निरुपायाने मोबाइलकडे वळले. पण २०१८ मध्ये चलनातील रोख पूर्वीच्या पातळीवर परतली. सक्तीने आरंभ होतो, सातत्य येत नाही. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे व्यवहार एका महिन्यात १००० कोटींवर गेले. जानेवारी २०२० पासून दुकानदारावरील शुल्क शून्य झाले, हे एक कारण. तत्काळ मिळणारी पोच हे दुसरे आणि माझ्या मते मोठे. भाजीच्या गाडीवरची छोटी पेटी रक्कम मोठ्याने उच्चारते, तेव्हा देणारा व घेणारा दोघेही निश्चिंत होतात. अनोल भट्टाचार्जी या अभ्यासकांनी २००१ मध्ये मांडले होते, की प्रत्यक्ष अनुभवाने अपेक्षा खरी ठरली, तर माणूस साधन पुढे वापरत राहतो. आपल्या भाषेत, पोच मिळाली की माणूस पुन्हा येतो.

आता चिंतेची बाजू. हुंडीमागे पेढी होती, मनीऑर्डरबरोबर पोस्टमन होता. मोबाइल हाती घेतलेली गावाकडची आई मात्र एकटी असते. पूर्वी ती स्वतःचा अंगठा उमटवी; आज पिन नातवाला सांगते. ‘शहाजोग’ हा पेढीवरचा प्रतिष्ठेचा शब्द मराठीत पुढे वरवरच्या सभ्यतेसाठी रूढ झाला. ‘पैसे मिळतील, पिन टाका’ असे गोड आवाजात सांगणारा भामटा या नव्या अर्थाने शहाजोग आहे. खोट्या पोचेने एकदा फसलेले घर पुन्हा या वाटेला लागत नाही. मग सोयही जाते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. गावी पैसे पाठवाल, तेव्हा फोनही करा. आईला समजावून सांगा, की पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवायचे असते. रक्कम खात्यात जाते. पण ती आपल्याला पोहोचली, हे तिला स्वतःला कळले पाहिजे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आपल्याला अक्षरओळख दिली. तिचा उपयोग आज आपापल्या घरी करावा.