डोंगराचे भिंग

माणसाचा चेहरा आणि डोंगर एकाच कॅमेऱ्यासमोर आले, तरी दोघांची भिंगे प्रथमपासून निराळी आहेत. चेहऱ्याला घाई असते. डोंगर थांबायला तयार असतो. छायाचित्रकलेच्या इतिहासातला हा साधा भेद ध्यानात घेतला, तर दुकानात दोन वाइड अँगल झूम लेन्स पुढ्यात ठेवून बुचकळ्यात पडलेल्या हौशी माणसाचा पुष्कळसा पैसा वाचेल.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची कृती जाहीर झाली, तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याला शव्हालिए याचे भिंग होते. एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा आणि पुढे एक बारीक छिद्र, एवढाच त्याचा संसार. त्याचे मूळ इंग्रज शास्त्रज्ञ वुलस्टन याने १८१२ साली कॅमेरा ऑब्स्क्युरासाठी सुचवलेल्या एका वक्र काचेत होते. छिद्राचे माप आजच्या हिशेबाने एफ १५ च्या आसपास. त्यामुळे भर उन्हातही चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. इमारतींची वा टेकड्यांची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. माणूस मात्र तितका वेळ निश्चल बसेना. म्हणून व्हिएन्नाचे गणिती पेत्झव्हाल यांनी १८४० साली आकडेमोड करून सुमारे एफ ३.६ चे, चार काचांचे भिंग सिद्ध केले. जुन्याच्या सुमारे सोळापट उजेड त्यातून आत येई. चित्राचा मध्य लखलखीत, कडा मात्र मऊ. पण चेहऱ्याला कडांशी काय कर्तव्य? तेव्हापासून दोन घराणी झाली. उजेडासाठी जादा काचा आणि जादा घासकाम, हा खर्च चेहऱ्यासाठी करावा लागला. डोंगराचे भिंग अंधारे आणि साधे राहिले, आणि त्याचे त्यावाचून काही अडले नाही.

डोंगराची मागणी वेगळीच होती. त्याला उजेड नको होता, रुंदी हवी होती. न्यूयॉर्कच्या हॅरिसनने आपल्या सहकाऱ्यासह १८६२ साली 'ग्लोब' भिंगाचे पेटंट मिळवले. त्याच्या बाहेरच्या दोन्ही बाजू एकाच गोलाचे भाग असत, म्हणून हे नाव. दृश्य रुंद आले, पण चित्राच्या मधोमध कधीकधी प्रकाशाचा डाग उमटे. १८६६ साली लंडनचा डालमायर आणि म्यूनिकचा श्टाइनहाइल यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, छिद्राच्या दोन्ही अंगांना सारख्या काचा बसवल्या. त्यामुळे सरळ रेषा सरळ राहू लागल्या.

रुंदीच्या हव्यासाची परिसीमा झाली ती १९०० साली, बर्लिनच्या गोएर्झ कारखान्याच्या 'हायपरगॉन' भिंगात. दोन पातळ अर्धगोल काचा, आणि दृश्याचा कोन १३५ अंशांचा! परंतु निसर्ग फुकट काही देत नाही. एवढ्या तिरक्या वाटेने येणारा उजेड कडेपर्यंत पोचेतो मध्याच्या अडीच टक्क्यांहूनही कमी उरतो. त्यावर युक्ती काय, तर भिंगासमोर एक चांदणीच्या आकाराची चकती. रबरी फुग्याने वारा घातला की ती गरगर फिरे आणि मधला उजेड अडवी. मग ती बाजूला पाडून उरलेले चित्र घ्यायचे. बारीक छिद्र आणि फिरती चांदणी सोसणारे गिऱ्हाईक वास्तू आणि डोंगरच असणार, हे सांगायला नको.

पुढे आरशाचे कॅमेरे आले आणि नवी अडचण उभी राहिली. मधे आरसा हलायचा, म्हणून भिंगाला फिल्मजवळ जाता येईना. १९५० साली पॅरिसच्या आंजेन्यूने उलट्या दुर्बिणीचे तत्त्व वापरून ३५ मिलिमीटरचे 'रेट्रोफोकस' काढले. तेव्हापासून रुंद भिंगाच्या तोंडाशी मोठी काच आली ती आलीच. १९५९ साली ३६ ते ८२ मिलिमीटरचे 'झूमार' भिंग साध्या कॅमेऱ्यावर चढले. पण झूम आणि खरी रुंदी यांचे सूत जमायला आणखी बराच काळ जावा लागला. गोल वक्रतेला सोडून असलेल्या काचा साच्यातून काढता येऊ लागल्या आणि गणित संगणकाकडे गेले, तेव्हा हा माल सामान्यांच्या आवाक्यात आला. कॅननचे १० ते १८ मिलिमीटरचे भिंग २०१४ साली ३०० डॉलरांना निघाले; वजन २४० ग्रॅम. निकॉनचे १० ते २० मिलिमीटरचे २०१७ साली आले, तेही त्याच तोलाचे. दोन्ही लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांसाठी आहेत. मोठ्या संवेदकासाठी निकॉनने २००७ साली काढलेले १४ ते २४ मिलिमीटरचे, एफ २.८ चे भिंग सुमारे एक किलोचे, आणि त्याच्या फुगीर तोंडावर साधा फिल्टर बसत नाही.

स्वस्त भिंगात कमी काय? मुख्यतः उजेड: एफ २.८ च्या जागी एफ ४.५ ते ५.६. आता निसर्गचित्रकार करतो काय? कॅमेरा तिपाईवर ठेवतो आणि जवळचा दगड व दूरचा कडा दोन्ही रेखीव यावेत म्हणून छिद्र एफ ८ किंवा ११ वर आणतो. म्हणजे ज्या उजेडासाठी दामदुप्पट मोजायचे, तो तो स्वतःच्या हाताने बंद करतो! रात्रीच्या ताऱ्यांची चित्रे घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने मोठ्या छिद्राचेच घ्यावे. कडांचा काळोख आणि रेषांचा बाक आता कॅमेऱ्यातच गणिताने दुरुस्त होतो. हायपरगॉनची चांदणी आता आकड्यांची झाली आहे, एवढेच.

तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी पाहायचे ते वेगळेच. एफ ८ वर भिंतीचे चित्र घ्यावे आणि चारही कोपरे ताडून पाहावेत. एकच कोपरा पुसट असेल, तर आतली काच सरकलेली आहे, तो नग परत करावा. सूर्य चौकटीत घेऊन डाग किती पडतात ते पाहावे. प्लॅस्टिकच्या बैठकीला मात्र बिचकू नये. गड चढताना हलके ओझेच सोबत येते.

आणखी एक गोष्ट कोणत्याही किमतीत मिळत नाही. रुंद भिंग दूरच्या डोंगराला लहान करते आणि पायाशी असलेल्या दगडाला मोठे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा चौकटीत सबंध मावेल. पण पुढ्यात काही पाहण्याजोगे नसेल, तर त्याचा दरारा मावणार नाही. तो दगड, ते गवत, ती पाण्याची डबकी शोधायला चार पावले चालावे लागते. वाचलेला पैसा अशा चालण्यावर खर्च झाला, तर डोंगराचे भिंग स्वस्त असल्याचे सार्थक झाले.