एकवीस दिवसांची भूक

नारायण पेठेतल्या वाड्यात आजीला सगळे ‘नर्सबाई’ म्हणत. कुणाच्या पोराला ताप भरला, कुणाचं गळू ठसठसायला लागलं, की डॉक्टरच्या आधी नर्सबाईंना हाक जायची. हे सगळं ऐकीव. माझ्या जन्माआधीच तो वाडा पानशेतच्या पाण्यात बसला होता आणि आमचं बिऱ्हाड गोखलेनगरला आलं होतं. मला आठवते ती निवृत्त आजी. कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं, आखूड कापलेली नखं, आणि पलंगावरची चादर घालताना चारही कोपऱ्यांना घातलेल्या त्या पक्क्या घड्या. पोरं रात्रभर लोळली तरी चादर जागची हलायची नाही.

आजी विशीत विधवा झाली. पदरात वर्षा-दीड वर्षाचा मुलगा, म्हणजे माझे वडील. सासरी अंधाऱ्या खोलीत दिवस काढणाऱ्या बहिणीला तिच्या भावाने पुण्याला आणलं आणि सेवासदनात घातलं. १९३४ किंवा ३५ साल असावं. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधरांनी १९०९ मध्ये पुण्यात सुरू केलेली ही संस्था. तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला जात. रमाबाई १९२४ मध्येच गेल्या होत्या, पण ‘वहिनीसाहेबां’च्या गोष्टी वसतिगृहात अजून ताज्या होत्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, म्हणून सासरच्यांनी आजीचं नाव टाकलं. तिने ते मनावर घेतलं नाही. वडिलांना मात्र मावशीआजीकडे ठेवावं लागलं, आणि ते तिने मनावर घेतलं, अगदी शेवटपर्यंत.

आजीच्या आईने प्लेग पाहिला होता. उंदीर पडायला लागले की घरदार सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचं, तिथेच चूल मांडायची, हे ती आजीला सांगायची. त्याच १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांना मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या, आणि १० मार्चला त्यातच गेल्या. आमच्या घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं. मी शिकल्यावर आजीला सांगितलं, की मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं होतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पाठीवर? मग पिसवा चावल्याच असणार गं.” आणि हात जोडले.

आजी शिकली तेव्हा औषधं फार थोडी होती. न्युमोनियाला जवसाचं पोटीस, आणि मग सातव्या ते नवव्या दिवसाची वाट पाहायची. त्या सुमारास रोग्याला दरदरून घाम सुटून ताप एकदम उतरायचा, नाहीतर रोगी हातचा जायचा. त्या रात्री ओले कपडे बदलून त्याला गरम ठेवणारं माणूस उशाशी लागे. पडून असलेल्यांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, पाठीला स्पिरिट आणि पावडर चोळायची. आपल्या हाताखालच्या रोग्याच्या पाठीला कधी जखम झाली नाही, एवढी एकच गोष्ट ती अभिमानाने सांगे.

सगळ्यांत अवघड मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. तीन-तीन आठवडे चालायचा. आतड्याला आतून व्रण पडतात, तिसऱ्या आठवड्यात आतडं इतकं नाजूक होतं की जड अन्न पोटात गेलं तर ते फुटेल, अशी तेव्हाची धास्ती. म्हणून बार्लीचं पाणी, लाह्यांचं पाणी, ताकाची निवळ, यापलीकडे काही नाही. नातेवाईक मायेपोटी ओच्यातून लाडू आणत, आणि आजी प्रत्येकाची पिशवी तपासे. एरवी ती आवाज चढवायची नाही, पण तिथे चढवायची.

वडील आठ-नऊ वर्षांचे असताना त्यांना हाच ताप आला. आजीने रात्रपाळी मागून घेतली. दिवसा मुलापाशी, रात्री वॉर्डात. ती झोपायची केव्हा, हे मावशीआजीलाही सांगता यायचं नाही. कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या, हातापायांना ओला फडका, आणि चमच्याचमच्याने बार्ली. ताप उतरणीला लागला तशी वडिलांना भूक लागली. भाकरी भाजल्याचा वास आला की ते रडायचे, शिव्या द्यायचे, ‘तू माझी आई नाहीस’ म्हणायचे. आजी घोटभर लाह्यांचं पाणी पाजायची आणि परत पंखा घेऊन बसायची. त्या आळीत त्या वर्षी दोन मुलं गेली. वडील वाचले.

एकविसाव्या दिवसानंतरही आठवडाभर थांबून आजीने पहिल्यांदा आटवल केली. जुना तांदूळ, भाजून धुतलेली मूगडाळ, भरपूर पाणी आणि किंचित हिंग-मीठ. शीत बोटाने चेपलं की विरघळलं पाहिजे, हा तिचा नियम. वडील साठी उलटल्यावरही ती वाटी काल खाल्ल्यासारखी वर्णन करत. “आईने भाकरी दिली नाही,” हेही ते त्याच गोष्टीत सांगत, आणि त्यांच्या आवाजात तो लहान मुलाचा राग तसाच असायचा. कारण त्यांना ठाऊक होतं. रागाला ते कुठे ठाऊक?

पुढे स्वातंत्र्याच्या आसपास पेनिसिलिन वॉर्डात आलं, त्यामागून क्लोरोमायसेटिन. टायफॉइडचा ताप चार-पाच दिवसांत उतरताना पाहिला, तेव्हा आजी ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडली म्हणे. आधीच्या वर्षांत हातून गेलेली माणसं आठवली असणार. तिने नावं घेतली नाहीत.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासला गेलं, दुपारपर्यंत पेठांत पाणी. वडील म्हणत, आजी तीन दिवस घरी आली नाही, पूरग्रस्तांना ठेवलेल्या एका शाळेत सुया टोचत होती. मावशीआजी म्हणे, छे, एकदा येऊन गेली, वाडा पडलेला पाहिला आणि तशीच परत फिरली. त्या शाळेत एक बाई बाळंत झाली आणि आजीने स्वतःचं लुगडं फाडून बाळ गुंडाळलं, यावर मात्र दोघांचं एकमत. ती बाई पुढे दर संक्रांतीला मुलीला घेऊन तिळगूळ द्यायला यायची, ते मी पाहिलंय. लुगडं हिरवं होतं म्हणायची. वडील म्हणत, पांढरं.

मी आजीलाच विचारलं. तिने चष्मा वर केला. “लुगड्याचं काय घेऊन बसलीस? वजन विचार. दुसऱ्या दिवशी काट्यावर घातलं, सहा पौंडाला थोडंच कमी. आणि रडली काय जोरात!”