परळची खोली, गुंजीचे घर

गेल्या चवथीला आमच्या पुतण्याने मोबाईलवर आपले परळचे भाड्याचे घर दाखवले. इमारत जुनी, पण आतून सगळे नवे केलेले वन बीएचके. टाईल्स, गिझर, ओट्याखाली कपाटे. आमचे काका चष्मा सारखा करून म्हणाले, "झकास आहे. पण भाड्याची पावती कुणाच्या नावावर?" पुतण्या म्हणाला, "आजोबा, पावती नसते आता. अकरा महिन्यांचे अ‍ॅग्रीमेंट आहे." काका गप्प झाले. ते का गप्प झाले, हे आमच्या पिढीनंतर कुणाला उमगणार नाही, म्हणून हे लिहितो.

खानापूर तालुक्यात पाऊस उदंड, पीक मात्र एकच, भाताचे. रोख पैशासाठी आमची माणसे लालबाग-परळच्या गिरण्यांत गेली. खोली एकाच्या नावावर आणि राहणारे पंधरा-वीस. गिरणीच्या पाळ्या तीन, म्हणून पहिल्या पाळीवाल्याची वळकटी उचलली की तिसऱ्या पाळीवाल्याची पसरायची. जेवण खानावळीत.

1896 च्या प्लेगने मुंबईची कोंदट वस्ती सरकारच्या डोळ्यांवर आली. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने चाळी बांधल्या. 1920 नंतर बीडीडी चाळी आल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, तळमजला आणि वर तीन मजले, एकेका इमारतीत 80 खोल्या. खोली सुमारे 160 चौरस फूट, संडास सामाईक. आम्ही स्थापत्याचे डिप्लोमावाले, म्हणून एवढे मोजतो. गावाकडे एवढी जागा गोठ्याला लागते.

या खोल्यांना खरे मोल आले ते 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने. भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर बांधले गेले आणि पावतीवर नाव असलेल्याला सहजासहजी हलवता येईना. मालकाला त्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, इमारती खचू लागल्या. 1969 मध्ये त्यासाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. नवी खोली मिळायची ती पागडी देऊन. पागडी बेकायदा होती, पण ती न देता खोली मिळाल्याचे आम्ही कुणाकडून ऐकले नाही.

मध्येच 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी गुंजीहून परळला जाणे म्हणजे आपल्याच राज्याच्या राजधानीला जाणे होते. त्या दिवसापासून गाव एका राज्यात आणि खोलीची पावती दुसऱ्या राज्यात.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. काका दोन वर्षे थांबले, मग खोली सोडली. पागडीतला मालकाचा वाटा देऊन उरले ते घेऊन, मिरजेला गाडी बदलून ते मीटरगेजने घरी आले. तेव्हा आम्ही शाळेतही जात नव्हतो. काकांची पत्र्याची ट्रंक उचलायला चार माणसे लागली, एवढे मात्र आठवते.

अकरा महिन्यांची पद्धत त्याआधीच रुळू लागली होती. 1 फेब्रुवारी 1973 रोजी 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू ठरवले. त्यामुळे घरमालक धास्तावले आणि रिकामी घरे कुलपात राहू लागली. 31 मार्च 2000 पासून नवा भाडे कायदा आला. पागडी कायदेशीर झाली आणि लायसन्सची मुदत संपली की घर परत, हेही पक्के झाले. पुतण्या स्वतःला भाडेकरू म्हणतो. कायद्याच्या लेखी त्याला नुसती राहण्याची परवानगी आहे.

आम्ही त्याला हसू शकत नाही. आम्ही कर्नाटक सरकारच्या नोकरीत, क्वार्टर्समध्ये राहणारे. बदलीचा हुकूम आला की किल्ली परत. आणि मालकाची भीतीही खोटी नव्हती.

पुतण्याचे अ‍ॅग्रीमेंट मार्गशीर्षात संपते. मालकाने भाडे वाढवून मागितले आहे. काकांनी खोलीच्या पैशातून गावच्या घरावर मंगळुरी कौले घातली होती. यंदाही गणपती त्याच कौलांखाली बसणार आहे. दोन फुटली होती, ती पुतण्याने येताच शिडी लावून बदलली.