अर्धशिशी : अर्ध्या डोक्याच्या दुखण्याचा इतिहास

१/१० दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांची चुलवणे धगधगत असतात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींत रात्रपाळ्या सुटतात. शिरूरच्या रानात उपवासाच्या दिवशीही खुरपणी थांबत नाही. जागरण, ऊन, धूर आणि रिकामे पोट यांच्यामागून येणाऱ्या एका जुन्या दुखण्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/१० अर्धशिशी म्हणजे ‘अर्धे शीर्ष’. ‘मायग्रेन’ हा शब्द फ्रेंचमधून आला असला, तरी त्याचे मूळ ग्रीक ‘हेमिक्रानिया’ असून अर्थ तोच : अर्धी कवटी. परस्परांपासून दूर असलेल्या दोन संस्कृतींनी एकाच निरीक्षणावरून या दुखण्याला नाव दिले. संस्कृत वैद्यकात ते ‘अर्धावभेदक’ म्हणून येते.

३/१० चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात त्याची कारणे मोजली आहेत : रूक्ष अन्न, अतिभोजन, पूर्वेचा वारा, दव, वेगांचा अवरोध, अतिश्रम. हा भाग चरकाचा नव्हे. अपूर्ण राहिलेली संहिता पुढे दृढबलाने पूर्ण केली, तिच्यातील आहे. वाग्भट सांगतो की, हे दुखणे पंधरवड्याने वा महिन्याने उसळते आणि आपोआप शमते. त्याच्या ‘अष्टांगहृदया’वर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने टीका लिहिली.

४/१० निरीक्षण असे नेमके होते. ‘का’ याचे उत्तर मात्र काळागणिक बदलत गेले. आयुर्वेदाने वात-कफादी दोषांकडे बोट दाखवले. १९३८ मध्ये अमेरिकेत ग्रॅहम आणि वुल्फ यांनी डोक्याच्या रक्तवाहिन्यांचे प्रसरण मध्यवर्ती मानले. १९९० मध्ये गोड्सबी आणि एडविन्सन यांना झटक्याच्या वेळी मानेच्या शिरेतील रक्तात ‘सीजीआरपी’ हे चेतारसायन वाढलेले आढळले. लक्ष रक्तवाहिन्यांकडून चेतातंतूंकडे वळले.

५/१० दरम्यान दुसरीकडे एक वेगळाच धागा विणला जात होता. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी वार्धक्याचा संबंध मुक्त मूलकांशी जोडला. १९६९ मध्ये मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी त्या मूलकांना निष्प्रभ करणारे विकर ओळखले. १९८५ मध्ये हेल्मुट सीस यांनी ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ ही संकल्पना मांडली.

६/१० ही संकल्पना समजायला गुऱ्हाळ पुरेसे आहे. चुलवणात चिपाड जळते, त्या आचेवर काहिलीतला रस आटतो. पण काही ठिणग्या बाहेर उडतातच. पेशीतील मायटोकाँड्रिया हे असेच चुलवण. तिथल्या ठिणग्या म्हणजे मुक्त मूलके आणि त्या विझवणारी यंत्रणा म्हणजे अँटिऑक्सिडंट. ठिणग्या जास्त आणि विझवणारे हात कमी, हाच तो ताण. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असूनही सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो. म्हणून तिथे जोखीम अधिक.

७/१० २०१६ मध्ये जोनाथन बोरकम यांनी हे दोन धागे जुळवले. मायग्रेन चेतवणाऱ्या बहुतेक परिचित कारणांनी मेंदूतील ऑक्सिडेटिव्ह ताण वाढू शकतो, असे त्यांनी दाखवले. वेदनावाहक चेतातंतूंवरील ‘टीआरपीए१’ हा ग्राहक अशा ठिणग्या टिपतो आणि त्यातून सीजीआरपी स्रवते. हे गृहीतक सबळ आहे. अंतिम शब्द नव्हे.

८/१० प्रतिबंधाचे प्रयोग याआधीच झाले होते. १९९८ मध्ये बेल्जियममधील शोनेन आणि सहकाऱ्यांनी ५५ रुग्णांवर रोज ४०० मिलिग्रॅम रायबोफ्लेविनची, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाची, तीन महिने चाचणी घेतली. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने तरी घटलेले रुग्ण ५९ टक्के होते. नकली गोळीच्या गटात १५ टक्के. २००५ मध्ये कोएन्झाइम क्यू१० च्या ४२ रुग्णांच्या चाचणीतही लाभ दिसला. दोन्ही चाचण्या लहान होत्या, हे विसरू नये.

९/१० मग ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असे म्हणावे काय? नाही. वात म्हणजे मुक्त मूलके नव्हेत. त्यांना एक ठरवणे म्हणजे दोघांवरही अन्याय. अतिश्रम आणि आहारातील बिघाड यांनी हे दुखणे उसळते, एवढे त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. कारणमीमांसा कालबाह्य होते. प्रामाणिक नोंद टिकते.

१०/१० बंगळुरू परिसरातील शहरी आणि ग्रामीण पाहणीत (२०१५) मायग्रेनचे वार्षिक प्रमाण सुमारे २५ टक्के आढळले. स्त्रियांमध्ये ते अधिक असते. तरीही ‘नुसते डोके दुखते’ म्हणून बाईचे दुखणे उडवून लावले जाते. दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या महिन्याचे १५ दिवस घेत राहिल्या, तर त्याच डोकेदुखी वाढवतात. वेळेवर जेवण, पुरेसे पाणी, नियमित झोप आणि डॉक्टरांचा सल्ला हा प्रतिबंधाचा पाया. पाळी आणि मजुरी ज्यांच्या हाती नाही, त्यांना मात्र तोही सहज मिळत नाही. या इतिहासाचे पुढचे पान तिथेच लिहायचे राहिले आहे.