उसाचं वजन कळलं, गोळीचं काय?

१९९८ साली पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलानं वारणा खोरं निवडलं आणि कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांत संगणक पोचवायचं ठरलं. तात्यासाहेब कोरे यांनी माळावर उभा केलेला साखर कारखाना आणि त्याभोवती वाढलेल्या सहकारी संस्था, एवढी तयार घडी देशात फार थोड्या ठिकाणी होती. निम्मा खर्च केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणा समूहाचा. काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, म्हणजे एनआयसीचं. शेती, शिक्षण आणि आरोग्य यांची माहिती लोकांना आपल्या भाषेत, आपल्या गावात मिळावी, असा उद्देश योजनेत नोंदवलेला होता.

माझं कोडोलीत औषधांचं दुकान. कारखान्याचं वारणानगर अगदी शेजारी, त्यामुळं हा सगळा काळ मी काउंटरमागून पाहिला आहे. उसाचं काम चाललं. लागणीची नोंद, तोडीचा नंबर, वजन, बिल हे सगळं शेतकऱ्याला गावातच समजू लागलं. कारखान्यावर हेलपाटा घालायची गरज उरली नाही. आरोग्याचं पान मात्र रुजलं नाही. पुढं मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा हे संगणक प्रामुख्यानं उसाच्याच नोंदींना वापरले जात होते. २००६-०७ मध्ये त्यांनी ७ गावांत तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून दाखवलं. त्यातही विषय उसाचाच होता.

याचं कारण मला साधं दिसतं. उसाच्या प्रत्येक आकड्यामागं तो भरणारा माणूस होता, तारीख होती आणि आकडा चुकला तर जाब विचारणारा शेतकरी होता. आरोग्याच्या माहितीला यातलं काहीच नव्हतं. ती कुणी लिहायची, कुणी तपासायची, जुनी झाली तर कुणी बदलायची, हे कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

गरज नव्हती म्हणावं, तर तसं अजिबात नाही. उसाची पावती खिशात घालून माणूस माझ्याकडं चिठ्ठी घेऊन येतो आणि विचारतो, “शुगर नॉर्मल आली, आता गोळी बंद करू का?” त्याला सांगावं लागतं, की काका, गोळी चालू आहे म्हणून शुगर नॉर्मल आली आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. एखादी ताई विचारते, “घरात फ्रीज नाही, इन्सुलिन ठेवू कुठं?” मातीच्या भांड्याच्या गारव्यात, ओल लागणार नाही असं ठेवा, फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. डॉक्टरांच्या गर्दीत विचारायचे राहून गेलेले हे प्रश्न आहेत.

डॉक्टरांसाठी माहितीची सोय त्या मानानं आधी झाली. एनआयसीनंच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेबरोबर १९८६ मध्ये इंडियन मेडलार्स सेंटर सुरू केलं. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांची ‘इंडमेड’ ही सूची त्यातूनच आली. १९९७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची मेडलाइन सूची जगभर मोफत खुली झाली. वारणेची योजना निघाली त्याच १९९८ साली त्या ग्रंथालयानं रुग्णांसाठी ‘मेडलाइनप्लस’ सुरू केलं. तिथं आजाराच्या लेखाखाली तो कुणी तपासला आणि कधी तपासला हे छापलेलं असतं. त्या पानाची खरी ताकद मला त्या एका ओळीत दिसते.

मराठीतही कष्ट झाले आहेत. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीला काम केलेले डॉ. श्याम अष्टेकर यांनी ‘भारतवैद्यक’ लिहिलं आणि ‘आरोग्यविद्या’ या संकेतस्थळावर मराठीत आरोग्याची माहिती खुली केली. २०१४ मध्ये सी-डॅकच्या ‘विकासपीडिया’त मराठी आरोग्य विभाग आला, त्याच वर्षी केंद्राचं राष्ट्रीय आरोग्य पोर्टलही आलं. तरी कोडोलीतला माणूस आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला काढा पितो. त्या निरोपाखाली कुणा डॉक्टरचं नाव नसतं, तारीख नसते.

अशा माहितीमागं जबाबदार माणूस नेमावा लागतो, आणि नेमणुकीचं महत्त्व कोल्हापूरला नवं नाही. १८८६ मध्ये दरबारानं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर डॉ. आनंदीबाई जोशी यांना नेमलं, कारण बायकांना मोकळेपणानं बोलता येईल असं कुणीतरी तिथं हवं होतं. रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. पण विचार टिकला; पुढं डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी त्याच रुग्णालयात काम केलं आणि शाहू महाराज त्यांच्या पाठीशी राहिले. तेच आज सीपीआर रुग्णालय म्हणून ओळखलं जातं, आणि शाहू महाराजांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे.

माझी विनंती या महाविद्यालयाला आणि शहरातल्या डॉक्टरांना आहे. एक डॉक्टर, एक परिचारिका आणि सोपं मराठी लिहिणारा एक माणूस, एवढ्यांची रीतसर नेमणूक करा. ओपीडीत रोज विचारल्या जाणाऱ्या दहा प्रश्नांपासून सुरुवात करा. प्रत्येक उत्तराखाली नाव आणि तारीख घाला, आणि दर वर्षी ते पुन्हा तपासा. त्या पानाचा पत्ता मी माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक पिशवीवर छापीन.